पनवेल नगरपालिका

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पनवेल शहराची १८५२ ते २०१६ या काळातील स्थानिक स्वराज्य संस्था. राज्यातील आद्य नगरपालिकांत तिची गणना होते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. मोठ्या राजकीय घडामोडींत तिचे नाव क्वचितच येते. तथापि लहान गावातील लोकांनी आपल्या दिवाबत्तीचा, गटारांचा व पाण्याचा कारभार कसा चालविला आणि त्यासाठी पैसा कोठून उभा केला, हे समजून घेण्यास तिचा इतिहास उपयुक्त आहे.

पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याकडे जाणारे प्रवासी व माल गलबतांनी पनवेलला उतरत आणि तेथून खुष्कीच्या मार्गाने घाट चढत. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर ही वर्दळ वाढली. गोदामे, धर्मशाळा, गाडीतळ आणि त्यांबरोबर येणारी घाण यांची व्यवस्था लावण्याचे काम सरकारी मामलेदाराच्या आवाक्यापलीकडचे होते. अशा वेळी १८५० चा २६ वा अधिनियम उपलब्ध झाला. एखाद्या गावच्या रहिवाशांनी मागणी केल्यास सरकारने तेथे हा कायदा लागू करावा आणि गावसुधारणेसाठी कमिशनर नेमावेत, अशी त्यात तरतूद होती. बंगालसाठी केलेला १८४२ चा यापूर्वीचा कायदा घरांवरील प्रत्यक्ष करावर आधारलेला होता व तो लोकांना रुचला नाही. नव्या कायद्याने अप्रत्यक्ष करांना मुभा दिली. त्यामुळे मुंबई इलाख्यातील व्यापारी गावांनी तो इतर प्रांतांपेक्षा अधिक प्रमाणात स्वीकारला. पनवेल त्यांपैकीच एक होय.

नगरपालिका स्थापन झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५३ मध्ये, मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला. पुढे तो कल्याण, कर्जतमार्गे बोरघाट चढून गेला (१८६३) आणि पनवेल बाजूला पडले. ज्या वर्दळीच्या भरवशावर या संस्थेचा जन्म झाला, तीच वर्दळ एका तपात ओसरली. पनवेलला आगगाडी पोहोचण्यास त्यानंतर सु. शंभर वर्षे लागली. मधल्या काळात भात, मीठ, लाकूड व तालुक्याची बाजारपेठ यांवर गावाने निभाव लावला. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला पनवेल तालुका १८८३ मध्ये कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला.

आरंभीचे सभासद सरकारनियुक्त असत आणि सभेची सूत्रे महसुली अधिकाऱ्यांकडे असत. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाने निर्वाचित सभासदांना स्थान दिले. परंतु लहान गावांत ते सावकाशच उतरले. पनवेलमध्ये निवडणुकांस १९१०–११ मध्ये प्रारंभ झाला. मताधिकार करदात्यांपुरता होता. प्रौढ मताधिकार आला तो स्वातंत्र्योत्तर काळात.

नगरपालिकेच्या दैनंदिन कामाची चौकट १९०१ च्या अधिनियमाने निश्चित केली. आवश्यक कर्तव्ये व ऐच्छिक कर्तव्ये असे तिचे दोन भाग होते. रस्त्यांवरील दिवे, झाडलोट, मैला वाहून नेणे, गटारे, आग विझविणे, स्मशाने, कत्तलखाने, देवी टोचणे, जन्ममृत्यूंची नोंद, दवाखाना व प्राथमिक शाळा ही पहिल्या वर्गातील कामे. वाचनालय, बाग, रस्त्याकडेची झाडे ही दुसऱ्या वर्गातील. सभेची विषयपत्रिका आधी सभासदांकडे जाई. प्रत्येक विषयास सूचक व अनुमोदक लागे. मतभेद झाल्यास मते मोजून निर्णय इतिवृत्तात नोंदविला जाई. कंदिलांना रॉकेल पुरविण्याचा ठेका, कोंडवाड्याचा लिलाव, ओटा रस्त्यात आला म्हणून द्यावयाची नोटीस, घरपट्टीवरील हरकती, मोरीचे पाणी शेजाऱ्याच्या अंगणात जाते अशी तक्रार, असे विषय कोणत्याही लहान नगरपालिकेच्या सभेपुढे वर्षानुवर्षे येत राहिले. आकारणीवरील हरकतींची सुनावणी हा त्यांतील सर्वांत नाजूक भाग. ज्याच्या घराची आकारणी करावयाची तो मतदार असे, पुष्कळदा नातलग असे आणि कधी स्वतः सभासदही असे. घरपट्टी वाढविण्यास नगरपालिका नेहमी नाखूष का असत, याचे उत्तर बव्हंशी येथेच सापडते.

या कामांपैकी सर्वांत अवजड काम सफाईचे. ते करणाऱ्या कामगारांकडे सभांचे लक्ष मात्र अल्प असे. डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत राज्यातील नगरपालिकांत दीर्घकाळ चालू होती. मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. ही पद्धत कायद्याने निषिद्ध ठरण्यास १९९३ साल उजाडावे लागले.

पैशाचा प्रश्न जकातीने सोडविला. गावात खपण्यासाठी, वापरासाठी वा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर हद्दीवरील नाक्यावर हा कर घेतला जाई. नाकेकारकून बीजक पाही, दरपत्रकाप्रमाणे आकारणी करून पावती देई. जो माल गावात न उतरता पुढे जावयाचा, त्यासाठी पारगमनाचा परवाना घ्यावा लागे; जकात भरलेला माल मुदतीत बाहेर गेला तर परतावा मागता येई. हमरस्त्यावरील गावांत या दोन्ही प्रकारांवरून तंटे होत आणि गाड्या खोळंबून राहत. व्यापाऱ्यांचा जकातीस विरोध होता व तो अनाठायी नव्हता : ती वाहतूक अडवी, लाचलुचपतीस वाव देई आणि गरिबाच्या धान्यावरही पडे. परंतु तिचा एक गुण विरोधकांनी फारसा विचारात घेतला नाही. हा पैसा रोजच्या रोज नगरपालिकेच्या तिजोरीत येई आणि त्यासाठी मुंबईकडे तोंड वेंगाडावे लागत नसे. राज्य शासनाने १९९९ मध्ये नगरपालिका क्षेत्रांतील जकात रद्द केली व तिच्या जागी अनुदान दिले. तेव्हापासून नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग इतरांच्या निर्णयावर अवलंबून राहिला.

पाण्याच्या बाबतीत पनवेल दीर्घकाळ तलाव व विहिरींवर विसंबून होते. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, इस्रायल हे तेथील परिचित तलाव होत. पुढे माथेरानच्या पायथ्याशी गाढी नदीवर देहरंग धरण झाले. स्वतःच्या मालकीचे धरण असणाऱ्या थोड्या नगरपालिकांत पनवेल गणले जाई. पण गाळ साठून धरणाची क्षमता घटली आणि वाढत्या वस्तीला इतर यंत्रणांकडून पाणी घेणे भाग पडले.

सार्वजनिक पाणवठा ताब्यात असणे म्हणजे केवळ गाळ काढणे नव्हे, हे याच जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने दाखवून दिले. सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्यासंबंधीचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावरील हा ठराव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी प्रत्यक्षात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो मागे घेतला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची पुरातन रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिला. मंजूर व नामंजूर या दोन नित्याच्या शब्दांवर किती माणसांचे पाणी अवलंबून असते, याचे महाराष्ट्रात याहून ठळक उदाहरण नाही.

महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५ अन्वये राज्याच्या निरनिराळ्या विभागांतील जुने कायदे एकत्र करण्यात आले. नगराध्यक्ष, विषय समित्या आणि शासनाचा मुख्याधिकारी अशी रचना रूढ झाली. जिल्हाधिकाऱ्यास ठरावाची अंमलबजावणी तहकूब ठेवण्याचा अधिकार राहिला. नगराध्यक्ष लोकांनी निवडावा की सभासदांनी, याबाबतचे धोरण शासनाने अनेकदा बदलले. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९३ पासून अंमल) नियमित निवडणुका व महिलांसाठी राखीव जागा यांना घटनात्मक आधार मिळाला.

पनवेलपुढील खरे आव्हान हद्दीबाहेरून आले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी तालुक्यातील जमिनी संपादन केल्या आणि नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या. तेथे रस्ते, पाणी व भूखंड सिडकोचे होते. निवडून आलेली सभा मात्र सिडकोला नव्हती. नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सु. १·०४ लाख व २०११ मध्ये सु. १·८० लाख होती. महानगरपालिका झाल्यावर वसाहतींतील रहिवाशांकडून २०१६ पासूनचा मालमत्ता कर मागण्यात आला. सिडकोचे सेवाशुल्क भरले असताना हा कर का, यावरून आंदोलने झाली व प्रकरणे न्यायालयात गेली. पहिली निवडणूक मे २०१७ मध्ये ७८ जागांसाठी झाली. त्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपल्यावर निवडणूक लांबली व कारभार प्रशासकाकडे गेला.

महानगरपालिकेत २९ महसुली गावे समाविष्ट झाली. पनवेलच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर असलेले पळस्पे त्यांत नव्हते. मुंबई–पुणे जुना रस्ता आणि कोकणातून गोव्याकडे जाणारा महामार्ग पळस्पे फाट्यावर वेगळे होतात. न्हावा-शेवा बंदराकडून येणारा रस्ताही येथे मिळतो. दीड शतकापूर्वी पनवेलला जी वर्दळ लाभली, तिच्या कितीतरी पट अवजड वाहने या फाट्यावरून जातात. पण पनवेलला १८५२ मध्ये त्या वर्दळीवर कर बसविण्याचा अधिकार मिळाला होता. पळस्प्याचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली चालतो. घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी व शासकीय अनुदान ही ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाची मुख्य साधने. महामार्ग केंद्र शासनाचा. पथकर बसलाच तर तोही तिच्याकडे येत नाही. विमानतळ परिसरासाठी २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘नैना’ क्षेत्रात गाव आल्याने बांधकाम परवानगी व नगररचना यांचे अधिकार सिडकोकडे गेले. दिवे लावणे, कचरा उचलणे आणि नळाला पाणी सोडणे ही कामे ग्रामपंचायतीकडेच राहिली आणि त्यांचे ठराव मासिक सभेत व ग्रामसभेत होत आले.