लिटरमागे किती माणसे?

माझे वडील एसटीत चालक होते. शाळेला सुटी असली की त्यांचा जेवणाचा डबा घेऊन साकोलीच्या आगारात जाणे हे माझे काम. तिथे डिझेल पंपाजवळ एक काळा फळा टांगलेला असे. त्यावर खडूने चालकांचे बिल्ला क्रमांक आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा लिहिलेला असे : लिटरमागे किती किलोमीटर. कुणाचा ४.२, कुणाचा ४.६. बाबांचा आकडा वर असला की घरी परतताना त्यांची सायकल जरा हलकी चालते, असे मला उगाच वाटायचे.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो. राजे-रजवाडे, तह आणि लढाया शिकवत आयुष्य गेले. पण तो फळा काही डोळ्यांपुढून हलला नाही. आज गाड्यांचा धूर आणि हवामानबदल यांवर जगभर परिषदा भरतात, तेव्हा वाटते की या प्रश्नाचा इतिहास आपल्या भंडारा जिल्ह्याच्या रस्त्यांवरही लिहिलेला आहे. तो थोडा उलगडून पाहू.

सुरुवात आजोबांपासून करतो. ते भंडाऱ्याची पितळी भांडी घेऊन साकोली, लाखांदूरकडच्या बाजारांना जात. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. दुसरे महायुद्ध पेटले आणि १९४१ मध्ये हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेले. पुढच्याच महिन्यात माघार घेणाऱ्या इंग्रजांनी ब्रह्मदेशातील येनानजाँगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. आपल्याकडे येणाऱ्या तेलाचा जवळचा झरा आटला. मग देशभर प्रवासी मोटारींना कोळशाच्या भट्ट्या बसू लागल्या.

आजोबा त्या मोटारीचे वर्णन फार रंगवून करीत. मोटारीच्या मागे पिंपाएवढी लोखंडी भट्टी. तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, पेटवायचा आणि हवा बेताचीच सोडायची. हवा कमी मिळाली की कोळसा पुरता जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू निघतो. तो थंड करून, गाळून इंजिनात सोडायचा. मोटार सुटण्याआधी क्लिनर पंख्याचे हँडल फिरवत बसे आणि उतारू बिड्या ओढत वाट पाहत. चढ आला की पुरुषमंडळींनी खाली उतरायचे, कारण या वायूवर पेट्रोलच्या इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी त्याहूनही जास्त घटे. "तिकीट आमी काढलं, अन् मोटारीले आमीच ढकललं," असे म्हणून आजोबा हसत.

हा काही आपलाच जुगाड नव्हता. लाकडाच्या गॅसची भट्टी फ्रान्समध्ये जॉर्ज इंबेर यांनी १९२० च्या दशकात विकसित केली होती. युद्धकाळात जर्मनीत सुमारे पाच लाख आणि स्वीडनमध्ये सत्तर हजारांवर वाहने अशी धावली. युद्ध संपले, पेट्रोल आले आणि भट्ट्या भंगारात गेल्या. पेट्रोल वाचले, हे खरे. पण त्यासाठी जंगल जळत होते आणि तो वायू इतका विषारी की बंद जागेत माणसाचा जीव घेईल. एका इंधनाची बचत म्हणजे धुराची बचत नव्हे, हा धडा कोळशाच्या मोटारीने तेव्हाच देऊन ठेवला होता. तो आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

युद्धानंतरचा मोठा बदल म्हणजे डिझेल. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजच्या डिझेल गाड्या तयार होऊ लागल्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तापलेल्या हवेत इंधन आपसूक पेटते. त्यामुळे त्याच कामाला पेट्रोलपेक्षा कमी इंधन लागते. याच सुमारास कारभारही बदलला. विदर्भातली सरकारी प्रवासी वाहतूक 'प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट'च्या नावाने चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि ही वाहतूक पुढे राज्य परिवहन महामंडळाकडे गेली. ज्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली होती, ती अशी आमच्या वैनगंगेकाठी पोहोचली. त्याच एसटीत पुढे बाबा भरती झाले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध भडकले. अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला तेलाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. तिकडे वाळवंटात गोळी सुटली आणि इकडे साकोलीच्या फळ्यावरच्या आकड्याला किंमत आली. पुढे १९७८ मध्ये केंद्र सरकारने इंधनबचतीच्या संशोधनासाठी 'पीसीआरए' ही संस्था उभी केली. देशभरातल्या परिवहन महामंडळांच्या चालकांना कमी डिझेलमध्ये गाडी कशी चालवावी, याचे प्रशिक्षण मिळू लागले.

बाबांचे प्रशिक्षण मात्र त्याआधीच झालेले होते. ते म्हणत, "ब्रेक दाबला म्हणजे डिझेल सांडलं." लहानपणी मला याचा अर्थ कळत नसे. डिझेल जाळून गाडीला वेग दिला. ब्रेक दाबला की तो वेग उष्णता होऊन चाकात विरून गेला. म्हणून समोरचा थांबा, बैलगाडी, वळण लांबूनच हेरायचे आणि पाय आधीच उचलायचा. क्लचवर पाय ठेवून बसायचे नाही. टायरमधली हवा रोज पाहायची. धानाच्या मळणीच्या दिवसांत रस्त्याकडेला भुसा उडतो, तेव्हा एअर फिल्टर लवकर साफ करून घ्यायचा. थांब्यावर गाडी नुसती घरघरत ठेवली तरी तासाला लिटरभर डिझेल सहज जाते, म्हणून इंजिन बंद. आणि वेग आवरायचा. ताशी साठऐवजी ऐंशीने गेले, तर हवेचा विरोध पाऊणपटीहून अधिक वाढतो.

यात एक मोठी गोष्ट गिअरची. इंजिनाच्या फेऱ्यांचा एक ठरावीक टप्पा असतो, त्यात ते सर्वांत कमी इंधनात काम करते. चढ असो वा सपाटी, इंजिनाला त्या टप्प्यात राखणे हे गिअरबॉक्सचे काम. आमच्या जिल्ह्याला याचा वेगळा अभिमान आहे. लाखनीजवळच्या गडेगावला १९८२ मध्ये अशोक लेलँडचा कारखाना उभा राहिला आणि तिथे गिअरबॉक्स तयार होऊ लागले. बाबांच्या पिढीला गिअर बदलताना दोनदा क्लच दाबावा लागे. नव्या सिंक्रोमेश गिअरबॉक्सने तो त्रास संपवला. चालक आळस न करता योग्य वेळी गिअर बदलू लागला.

आता त्या फळ्यावरच्या दशांशाचा हिशेब मांडू. एक बस दिवसाला ३०० किलोमीटर धावते. लिटरला ४.५ किलोमीटर दिले, तर ६७ लिटर डिझेल लागते. ५ दिले तर ६०. रोजचे सात लिटर वाचले. वर्षाचे झाले सुमारे अडीच हजार लिटर. एक लिटर डिझेल जळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डिझेलचे वजन किलोपेक्षा कमी, मग वायू इतका कसा? कारण जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. म्हणजे एका चालकाच्या पायाने, नवी गाडी न घेता, एका बसमागे वर्षाला साडेसहा टन वायू अडवला. शंभर बसचे आगार असेल तर साडेसहाशे टन. बाबांना हवामानबदल हा शब्द ठाऊक नव्हता, काम मात्र तेच होते.

त्यानंतर काळ आला धुराच्या कायद्यांचा. इंधन किती लागते याबरोबरच धुरात काय आहे हेही मोजले जाऊ लागले. २००० साली डिझेलमध्ये दहा लाख भागांत अडीच हजार भागांपर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाली, तेव्हा ही मर्यादा दहा भागांवर आली. गंधक कमी झाल्याशिवाय धूर गाळणारी नवी यंत्रणा टिकत नाही. म्हणून आधी तेलशुद्धीकरण कारखाने सुधारले, मग इंजिने. बसच्या मागून निघणारा आमच्या लहानपणीचा काळाकुट्ट लोट आज नव्या गाडीमागे दिसत नाही, तो या वीस वर्षांच्या कामामुळे.

इंधनही बदलू लागले. २०१४ मध्ये शेजारच्या नागपुरात इथेनॉलवर चालणारी शहर बस आली; चारेक वर्षांत ती थांबली. १ जून २०२२ रोजी एसटीने विजेवरची 'शिवाई' सुरू केली, तीही मुद्दाम पुणे-अहमदनगर याच पहिल्या मार्गावर. विजेच्या बसला आवाज नाही, धूर नाही. ब्रेक लावला की वाया जाणाऱ्या वेगाचा काही भाग वीज होऊन बॅटरीत परततो. बाबा असते तर म्हणाले असते, "हे यंत्र तर सांडलेलं डिझेल उचलून घेते!"

पण इथे कोळशाची मोटार आठवावी. विजेची मोठी बस किलोमीटरला एक ते सव्वा युनिट वीज घेते. आपल्या देशात अजून बहुतेक वीज कोळशाची; युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमीटरला ०.७ ते ०.९ किलो. लिटरला पाच किलोमीटर देणारी साधी डिझेल बस किलोमीटरला ०.५४ किलो सोडते. डिझेल शुद्ध करून पंपावर आणण्याचा खर्च धरला आणि वातानुकूलनाचा फरकही लक्षात घेतला, तरी आजच मोठी बाजी मारली असे म्हणता येत नाही. बसस्थानकावर उभ्या असलेल्या लेकराच्या छातीत धूर जात नाही, हा लाभ मोठा आणि आजचा आहे. हवामानाचा लाभ मात्र वीज जसजशी सूर्याची आणि वाऱ्याची होईल, तसतसा वाढेल. तोवर भट्टी बसच्या मागून निघून तिरोडा-कोराडीच्या धुरांड्याखाली गेली आहे, याचे भान ठेवायला हवे.

आणि आता त्या फळ्यावर कधीच न लिहिलेला आकडा. पाच किलोमीटर देणारी बस ४४ माणसे घेऊन निघाली, तर एका लिटरमध्ये एका माणसाचा २२० किलोमीटर प्रवास होतो. तीच बस दहा माणसांनिशी गेली तर ५०. मोटारसायकलवर एकटा जाणारा माणूसही लिटरला साधारण तितकेच जातो. म्हणजे रिकामी एसटी काही पुण्य कमावत नाही. एसटीच्या भाषेत याला भारमान म्हणतात.

यावर सोपा उपाय सुचतो : कमी भारमानाची फेरी बंद करा. कागदावर डिझेल लगेच वाचते. पण त्या फेरीचे वीस उतारू कुठे जातात? समजा, गावापासून तालुक्याचे अंतर वीस किलोमीटर आहे. बसला जायला चार लिटर डिझेल लागे. आता वीसही जण एकेकटे मोटारसायकलने निघाले, तर आठ लिटर पेट्रोल जळते. बसच्या वहीत चार लिटर वाचले आणि जिल्ह्याच्या हवेत दुप्पट इंधन जळले. शिवाय ज्यांच्याकडे मोटारसायकल नाही ते कुठेच जात नाहीत. त्यांत म्हातारी माणसे असतात आणि शाळेत जाणाऱ्या मुली असतात. त्यांच्या राहून गेलेल्या प्रवासाला इंधनबचत म्हणायचे का?

म्हणून मला वाटते, कोळसा, डिझेल की वीज हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो दुसरा आहे. पहिला प्रश्न बस वेळेवर येते का आणि ती भरते का, हा आहे. वेळेवर येणारी बस भरते, आणि भरलेली बस कोणत्याही इंधनावर चालली तरी एकेकट्या वाहनापेक्षा स्वस्त आणि स्वच्छ ठरते. हे काम एकट्या एसटीचे नाही. शाळेची आणि बाजाराची वेळ बसशी जुळवणे, रस्ता नीट राखणे आणि दारात गाडी असूनही एखाद्या दिवशी फाट्यावर जाऊन उभे राहणे, हे आपले काम.

बाबा निवृत्त झाले त्या संध्याकाळी मी त्यांना विचारले होते, इतक्या वर्षांत सर्वांत चांगला आकडा किती आला? त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "आकडा आठवत नाही. पण कारधा पुलावरून पहाटेची गाडी नेताना मागे वळून पाहिलं अन् एकही जागा रिकामी नसली, की बरं वाटे."

फळ्यावर लिहायला हवा होता, तो आकडा हाच होता.