इनामगाव येथील मानवी सांगाडे

इनामगाव येथील मानवी सांगाडे : पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत सापडलेले मानवी अवशेष. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. वसाहतीचा सर्वांत जुना थर (इ. स. पू. सु. १६००–१४००) माळवा संस्कृतीचा आहे. इंदूरच्या दक्षिणेस, महेश्वरसमोर नर्मदाकाठी असलेले नावडातोली हे त्याच संस्कृतीचे नामांकित स्थळ. इनामगावचे पुढचे थर जोर्वे संस्कृतीच्या पूर्व व उत्तर काळातले असून वस्ती इ. स. पू. सु. ७०० पर्यंत टिकली.

मृतांना बहुधा राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. मूल दगावले की दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत व त्यांत त्याला निजवत. प्रौढांना खड्ड्यात, डोके उत्तरेकडे करून पुरत. त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने परत फिरू नये म्हणून तसे करीत, असे उत्खननकर्त्यांनी सुचवले. हाड पाय तोडल्याचे सांगते, त्यामागची भीती सांगत नाही. हा भेद अभ्यासकाने कधीही विसरू नये. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष मिळाला. तो गावचा प्रमुख असावा, हा तर्क मात्र घराचा आकार, त्याची जागा आणि दफनाचे वेगळेपण यांवर उभा आहे.

जॉन ल्यूकॅक्स व सुभाष वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. प्रौढाचे लिंग कटिभागाच्या हाडांवरून व कवटीवरून, तर उंची लांब हाडांच्या मापांवरून काढतात. मुलाचे वय दातांच्या वाढीवरून बरेच नेमके कळते. त्याचे लिंग मात्र नुसत्या हाडांवरून खात्रीने सांगता येत नाही. दाताच्या कवचावरील खळगे व रेघा बालपणीच्या आजाराची किंवा उपासमारीची खूण ठेवतात. अशी खूण असलेले मूल तो आजार सोसून काही काळ तरी जगले होते. झटपट गेलेल्याचे हाड निर्मळ दिसते, म्हणून निर्मळ हाड निरोगी आयुष्याचा पुरावा ठरत नाही.

इनामगावचे खरे धन म्हणजे तेथील मुलांची हाडे. एरवी ती मातीत विरून जातात. येथे कुंभांनी ती राखली. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या ग्रंथात जोर्वेकालीन बालकांच्या मांडीच्या हाडांवरून उत्तर जोर्वे काळात वाढ खुंटल्याचे दाखवले आणि वस्ती केवळ दुष्काळाने उठली या जुन्या मतालाही आव्हान दिले.

तान्ह्या मुलाचे दातांचे अंकुर इतके बारीक असतात की घाईत ते मातीबरोबर फेकले जातात. म्हणून मुलाच्या दफनाचा कुंभ जागेवर रिकामा न करता आतल्या मातीसकट प्रयोगशाळेत न्यावा आणि ती माती बारीक चाळणीने चाळावी.