नेऊमची चौकी

३. क्रोएशियातल्या स्प्लिटहून क्रोएशियातल्याच दुब्रोव्हनिकला जाताना लेखिकेचा पासपोर्ट दोनदा का तपासला गेला, असा प्रश्न वाचकाला पडेल. वाटेत नेऊम लागते, आणि ते बोस्नियाचे. त्या देशाला लाभलेला जेमतेम २० किलोमीटरचा समुद्रकिनारा इथेच आहे. भानगड जुनी आहे: व्हेनिसची हद्द आपल्या दाराशी येऊन भिडू नये म्हणून दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने १६९९च्या कार्लोवित्झ तहाच्या वेळी हा पट्टा तुर्कांना देऊन टाकला. व्हेनिसपेक्षा तुर्क शेजारी परवडला, असा तो हिशेब.

लेखिकेच्या प्रवासानंतर बरेच बदलले. २६ जुलै २०२२ रोजी पेल्येशात्स पूल खुला झाला आणि नेऊम टाळून जाणे शक्य झाले. १ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आला. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आता तिथेही लागू आहे. मात्र जुन्या रस्त्याने नेऊमला जाणे म्हणजे शेंगेनबाहेर पडणे. भारतीय प्रवाशाकडे एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर तो तिथेच खर्ची पडतो. पलीकडे हॉटेल आरक्षित असले तरी. म्हणून बसचे तिकीट काढण्याआधी ती पुलावरून जाते की नेऊमवरून, हे विचारून घ्यावे.

उत्तरेकडची स्लोव्हेनियाची सीमा खुली झाली खरी, पण त्या देशाने ऑक्टोबर २०२३मध्ये तिथे तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत ठेवू नये. — संपादक