चोचीचा मासा आणि जिवंत दगड

१७६४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका माशाची हकिगत छापून आली. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, इस्पितळाचे प्रमुख होमेल यांनी समुद्राच्या पाण्याच्या पिंपात हे मासे पाळले होते. काडीच्या टोकाला टोचलेला किडा पाण्यावर धरला की मासा पिचकारी मारून नेम साधायचा. ही हकिगत आणि माशाचा नमुना अ‍ॅमस्टरडॅमच्या श्लोसर यांनी लंडनला धाडला. घोटाळा एवढाच झाला, की हकिगत एका माशाची आणि नमुना दुसऱ्याचाच. पिचकारीवाला होता तिरंदाज मासा. चित्र छापलं गेलं ते केल्मॉन रोस्ट्रॅटसचं: रुपेरी अंग, त्यावर केशरी पट्टे, पाठीमागच्या परावर डोळ्यासारखा काळा ठिपका आणि पुढे लांब चोच. त्या चोचीतून पाण्याची चूळसुद्धा नीट निघत नाही. तरी किडे टिपणारा म्हणून हा मासा शंभराहून अधिक वर्षं पुस्तकांतून मिरवत राहिला.

आज प्रवाळाची टाकी सांभाळणारे लोक कीड मारायला बोलावतात ते याच माशाला. या वेळी मात्र कीर्ती खरी आहे, आणि तिच्या मुळाशी पुन्हा जकार्ताच आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरगुती खाऱ्या टाकीत मासे सोडले तर फारसं काही जिवंत नसायचं. शोभेला धुऊन पांढरीफेक केलेली पोवळ्यांची हाडं. माशांवर परजीवी दिसले की उपाय ठरलेला: मोरचूद. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात तेच. लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं पाण्यात राहिलं तर परजीवी मरतात, मासे बहुधा तगतात. खेकडे, गोगलगाई, प्रवाळ मात्र एवढ्यानंही जातात. पण ते टाकीत होतेच कुठे?

१९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली रीत मांडली. गाळणी नाही, औषध नाही. समुद्रातून आणलेले दगड, ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे. दगडांवर आणि त्यांच्या भेगांत राहणारे जिवाणू, स्पंज, शेवाळ आणि कृमीच पाणी राखतात, असं त्यांचं म्हणणं. समुद्र हाताशी असलेल्या जकार्तात हे साधलं. थंड देशांत सहजासहजी साधलं नाही. तिथे बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगडाला प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) आणि प्रखर दिव्यांची जोड दिली. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी प्रवाळाच्या टाकीची लाट अमेरिकेत पोचवली.

दगडासोबत बिनतिकिटाचे प्रवासीही आले. आणि मोरचुदाचा मार्ग आता बंद होता, कारण कीड आणि पोवळं दोघंही त्याच औषधानं मरतात. टाकीत कीड खाणारा मासा सोडायची चाल पडली ती निसर्गप्रेमापोटी नव्हे, या अडचणीपोटी, असं मला वाटतं.

या प्रवाशांत सगळ्यांत चिवट एप्टेशिया. तपकिरी रंगाचं, पारदर्शक भुजांचं छोटं समुद्रफूल. दिसायला गोंडस, पण शेजारच्या पोवळ्याला डंख करून जागा बळकावतं. चिमट्यानं उपटावं तर बुडाचा तुकडा दगडाला चिकटून राहतो आणि त्यातून नवं फूल उगवतं. हात लागताच ते भेगेत आक्रसतं. सुईनं चुन्याची दाट निवळी पाजणारे लोक आहेत. एखाददुसरं फूल असेल तर जमतं, दगडभर पसरलं की हात टेकावे लागतात.

इथे चोच कामी येते. समुद्रातही हा मासा प्रवाळाच्या फटींतून कृमी आणि बारीक कवचधारी जीव टिपून खातो. एप्टेशिया हे त्याच पंक्तीतलं एक पक्वान्न. पण तो कुणाचा नोकर नव्हे. पिसाऱ्याचे सुंदर नळीकृमीही तो तितक्याच आवडीनं खातो, आणि एखादा तर एप्टेशियाकडे ढुंकूनही पाहत नाही.

बाकीच्यांची निवडही अशीच तोंड आणि सवय पाहून होते. सहा रेघांचा चिमुकला रास (wrasse) मासा महाकाय शिंपल्यांवरच्या रक्तपिपासू गोगलगाई आणि चपटे कृमी टिपतो. मोठा झाला की नव्या माशांना छळतोही. सर्वांत जास्त गैरसमज इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणाऱ्या सफाईवाल्या रास माशासंबंधी. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटाजवळ असा एक मासा दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खातो, असं अलेक्झांड्रा ग्रुटर यांना आढळलं. ते ऐकून लोक पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तो आणतात. त्या रोगाचा जीव कातडीखाली दडलेला असतो. सफाईवाला त्याला खात नाही. शिवाय घरच्या टाकीत त्याचं पोट भरण्याइतके परजीवी नसतातच, आणि तो झुरत जातो.

आपल्याकडे डासांच्या अळ्यांसाठी हौदात गप्पी सोडले की काम संपतं. अळ्या नसल्या तरी ते शेवाळावर तग धरतात. चोचीच्या माशाचं तसं नाही. दुकानातून आणलेला हा मासा पुष्कळदा काहीच खात नाही आणि काही आठवड्यांत खंगून मरतो. म्हणून जाणते लोक दुकानदाराला आधी विचारतात, ‘समोर खाऊन दाखवतो का?’ गोठवलेल्या मायसिस झिंग्यांची सवय लागलेला मासा असेल तरच घेतात. तरीही काहीजण धोका पत्करत नाहीत. टाकीतली एप्टेशिया संपल्यावर माशाचे हाल होऊ नयेत म्हणून ते बाजूला एका छोट्या टाकीत एप्टेशियाच वाढवतात, रोज चारा घालून.