आचाऱ्यांचा संत लॉरेन्स

प्रत्येक व्यवसायाला आपला म्हणून एक देव किंवा संत असावा, ही माणसाची फार जुनी हौस आहे. आपल्याकडे कुंभारांना गोरोबाकाका, शिंप्यांना नामदेव आणि माळ्यांना सावता महाराज जवळचे वाटतात. ही मंडळी त्या त्या व्यवसायातच वाढली. गोरोबांनी चाक फिरवले, सावतोबांनी मळा शिंपला. रोमन कॅथलिक परंपरेत आचाऱ्यांचे पाठीराखे मानले गेलेले संत लॉरेन्स यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांचे नाव स्वयंपाकघराशी जोडले गेले ते त्यांच्या हाताच्या चवीमुळे नव्हे, तर त्यांच्या मरणामुळे.

काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. रोमच्या गादीवर सम्राट व्हॅलेरियन होता. पूर्वेकडे इराणी सत्तेशी झुंज चालू होती आणि साम्राज्य सर्व बाजूंनी अडचणीत होते. अशा वेळी रोमच्या देवतांना न मानणारे ख्रिस्ती लोक राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. 257 साली त्यांच्यावर निर्बंध आले. 258 च्या दुसऱ्या फर्मानाने तर बिशप, धर्मगुरू आणि डीकन यांना थेट देहदंड फर्मावला. त्याच वर्षी 6 ऑगस्टला पोप दुसरे सिक्स्टस यांचा वध झाला. त्यांचे डीकन लॉरेन्स 10 ऑगस्टला मारले गेले.

डीकन म्हणजे धर्मगुरूंचा साहाय्यक. चर्चच्या दानाचा हिशेब ठेवणे आणि ते गरजूंपर्यंत पोचवणे हे त्याचे मुख्य काम. पुढची कथा अशी सांगतात, की नगराधिकाऱ्याने लॉरेन्स यांच्याकडे चर्चचा खजिना मागितला. त्यांनी तीन दिवसांची मुदत घेतली, होते नव्हते ते वाटून टाकले आणि चौथ्या दिवशी आंधळे, पांगळे, विधवा, भिकारी यांना रांगेने उभे करून सांगितले, की चर्चचा खजिना तो हाच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठार लोकांना खुले केले, ही कथा ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे, त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

संतापलेल्या अधिकाऱ्याने त्यांना लोखंडी जाळीवर ठेवून खाली निखारे पेटवले. तेव्हा लॉरेन्स म्हणाले म्हणे, की ही बाजू झाली, आता उलटा. मरणाच्या दारातला हा विनोद लोकांच्या मनात घर करून राहिला. चित्रांत आणि मूर्तींत त्यांच्या हाती जाळी आली, आणि ज्यांचा दिवस विस्तवापुढे जातो त्या आचाऱ्यांनी त्यांना आपले मानले. कातडी सोललेले संत बार्थोलोम्यू चांभारकाम करणाऱ्यांचे झाले, दात पाडलेल्या संत अपोलोनिया दंतरोग्यांच्या झाल्या, त्यातलाच हा प्रकार.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबावे लागते. जाळीची हकीकत सविस्तर सांगणारे मिलानचे बिशप अँब्रोज आणि कवी प्रुडेन्शियस हे दोघेही घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने लिहीत होते. उलट कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या समकालीन पत्रात तात्काळ देहदंडाच्या आज्ञेचा उल्लेख आहे. त्यांचा स्वतःचाही त्याच वर्षी 14 सप्टेंबरला शिरच्छेद झाला. तेव्हा लॉरेन्स यांचाही शिरच्छेदच झाला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मग जाळी आली कोठून? काहींनी असा तर्क मांडला, की लॅटिनमध्ये ‘पास्सुस एस्त’ म्हणजे ‘त्याने यातना सोसल्या’. नकलाकाराच्या हातून पहिला ‘प’ गळाला, तर उरते ‘आस्सुस एस्त’, म्हणजे ‘तो भाजला गेला’. हा तर्कच आहे, पुरावा नव्हे. पण एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना सातबाऱ्यावरचे आडनाव कसे बदलते, हे पाहिलेल्या सीमाभागातल्या वाचकाला तो अशक्य वाटू नये.

कथेचा प्रवास मात्र थांबला नाही. 10 ऑगस्ट 1557 रोजी, म्हणजे याच संतांच्या दिवशी, स्पेनच्या सैन्याने फ्रेंचांचा सँ कँतँ येथे पराभव केला. राजा दुसरा फिलिप याने लॉरेन्स यांच्या नावाने एस्कोरियलचा प्रचंड मठ-प्रासाद 1563 ते 1584 या काळात उभारला. त्याचा आराखडा जाळीसारखा आहे, असे सांगतात. पोर्तुगीजांबरोबर हे संत गोव्यातही आले. आग्वादच्या किल्ल्याजवळ सिकेरीला त्यांचे चर्च आहे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी साचणारा वाळूचा बांध त्यांच्या सणाच्या सुमारास मोकळा होतो आणि जलवाहतूक पुन्हा सुरू होते, अशी तिथली जुनी समजूत. जुवारीकाठच्या आगशीचे चर्चही त्यांचेच. आणि हेच आगशी गाव चोरिसांसाठी गोवाभर प्रसिद्ध असावे, हा योगायोग मोठा गोड आहे.

आता प्रश्न उरतो तो असा, की जाळी खरी नसेल तर आचाऱ्यांनी आपला संत सोडावा काय? याचे उत्तर एका पत्रात मिळते. लॉरेन्स यांच्या मृत्यूपूर्वी सुमारे सात वर्षे, 251 च्या सुमारास, पोप कॉर्नेलियस यांनी लिहिलेल्या पत्रात रोमच्या चर्चची मोजदाद आहे. सात डीकन आणि चर्चच्या आधाराने जगणाऱ्या विधवा व गरजू माणसे 1500 हून अधिक. हा आकडा दंतकथेतला नाही. इतक्या माणसांच्या पोटाची काळजी वाहणारे जे पद होते, त्याच पदावर पुढे लॉरेन्स होते.

जाळी हा त्या कथेचा चमत्काराचा भाग. तो श्रद्धेने मानावा किंवा शंकेने बाजूला ठेवावा. पण पंधराशे माणसांच्या उद्याच्या घासाचा हिशेब ठेवणे हे कोणत्याही मुदपाकखान्यातल्या माणसाला चांगले कळणारे काम आहे. आचाऱ्यांचा हक्क लॉरेन्स यांच्यावर पोचतो तो एवढ्यानेच.