विटाळ, प्रदूषण आणि नदीचे खोरे

आपल्याकडे पाण्याचा इतिहास राजांचा आणि धरणांचा म्हणून लिहिला गेला. पाणी कोणी अडवले, कोणी वळवले हे त्यात सापडते. पाणी कोणाला नाकारले आणि घाण कोणाच्या वाट्याला आली, याची नोंद क्वचितच सापडते. आज राज्याराज्यांच्या आणि शहराशहरांच्या हद्दी ओलांडून नदीचे खोरे स्वच्छ करण्याची भाषा ऐकू येते. ती स्वागतार्हच आहे. परंतु या देशात पाण्याभोवती आखलेली सर्वांत जुनी हद्द जातीची आहे. तिचा विचार टाळून केलेली कोणतीही खोरे-योजना अपुरी राहील, असे मला वाटते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे सार्वजनिक होते. ते सर्वांना खुले असल्याचा ठरावही नगरपालिकेने आधीच केला होता. तरीही तळे बाटले म्हणून सवर्णांनी त्याची शुद्धी केली. या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. गावागावांतही नदीचा वरचा घाट सवर्णांचा आणि खालचा घाट अस्पृश्यांचा, अशीच वाटणी होती. वरच्याने वापरलेले पाणी खालच्याने प्यावे, हा धर्म ठरला. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, हे या समाजाला शतकानुशतके पटलेले होते. कारखान्याच्या सांडपाण्याने ते बाटते, हे कायद्यात यायला महाराष्ट्रात १९६९ आणि केंद्रात १९७४ साल उजाडले.

महाडचे बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. नदीखोऱ्याचा विचार करणारे बाबासाहेब मात्र आपल्या व्यासपीठांवरूनही फारसे सांगितले जात नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडवला. पुराचा तडाखा बंगालला बसत होता. धरणे मात्र बांधायची होती तेव्हाच्या बिहार प्रांतात. एकाने जमीन द्यायची आणि दुसऱ्याला संरक्षण मिळायचे, असा हा पेच होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी दोन्ही प्रांतांच्या सरकारांपुढे हा प्रश्न मांडला. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचा नमुना समोर होता. नदीचा विचार प्रांतापुरता न करता सबंध खोऱ्याचा करावा. पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक हे प्रश्न एकत्र सोडवावेत, ही त्यामागची दृष्टी होती. तिच्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

हा इतिहास अभिमानाने सांगावा. पण त्याची दुसरी बाजू झाकणे बाबासाहेबांच्या विचाराशी प्रामाणिक राहणे नव्हे. १९५३ ते १९५९ या काळात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही धरणे पुरी झाली. त्यांत संथाळ आणि इतर आदिवासींच्या जमिनी बुडाल्या. पुढे कोळसा खाणी, औष्णिक वीजकेंद्रे आणि पोलाद कारखान्यांनी दामोदरला देशातल्या अतिप्रदूषित नद्यांच्या रांगेत नेऊन बसवले. सबंध खोऱ्यासाठी एक संस्था असूनही हे घडले. तिच्यात केंद्र होते, राज्ये होती. खोऱ्याच्या तळाशी जगणारा माणूस निर्णयात नव्हता.

आपल्या गोदावरीचे काय? १९६९ साली नेमलेल्या लवादाचा अंतिम निवाडा १९८० साली आला. महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि ओरिसा यांच्यातला तो वाद पाण्याच्या वाटपाचा होता. १९५६ च्या नदी मंडळ कायद्याने राज्यांनी मिळून खोरे सांभाळण्याची वाट खुली केली होती. त्या कायद्याखाली एकही मंडळ स्थापन झाले नाही. राज्याच्या आतही तेच. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडावे, यावर २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश आणि २०१६ साली उच्च न्यायालयाचा निकाल झाला. मराठवाड्याची मागणी न्याय्यच होती. परंतु वरच्याकडे पाणी मागणारे आपले शहर स्वतः खाली काय सोडते, हेही विचारले पाहिजे.

छत्रपती संभाजीनगरची खाम नदी हरसूलकडून येते, पाणचक्कीजवळून वाहते आणि पुढे गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. १६१० साली हे शहर खडकी म्हणून वसवले ते मलिक अंबरने. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या हबशाने भूमिगत नहरीने शहराला पाणी दिले. त्याच शहराने नंतर आपले सांडपाणी वर्षानुवर्षे खाममध्ये सोडले. ज्या जायकवाडीचे पाणी शहर पिते, त्याच जलाशयाकडे ही घाण जाते. नदीचा काही भाग महापालिकेच्या हद्दीत, तर काही छावणी परिषदेच्या. २०२१ पासून या दोन संस्थांनी, स्वयंसेवी संस्था आणि उद्योगाच्या मदतीने, खामच्या पुनरुज्जीवनाचे काम एकत्र हाती घेतले. हद्दी ओलांडता येतात, हे त्यातून दिसले. नागसेनवनातल्या आम्हा शिक्षक-विद्यार्थ्यांना याचे विशेष मोल वाटावे. १९५० साली बाबासाहेबांनी आमच्या पिढ्यांसाठी महाविद्यालय काढले ते याच नदीच्या परिसरात.

युरोपातल्या ऱ्हाइन नदीचा अनुभव येथे बोलका आहे. १९५० साली पाच देशांनी तिच्यासाठी आयोग नेमला. पुढाकार हॉलंडचा होता, कारण तो सर्वांत खालच्या अंगाला. सर्वांची घाण त्याच्या पिण्याच्या पाण्यात येत होती. तरी कितीतरी वर्षे काम मंदच राहिले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विषारी पाणी नदीत गेले आणि मासे तडफडून मेले. १९८७ साली या देशांनी सामन मासा २००० सालापर्यंत नदीत परत आणण्याचे ध्येय ठरवले, आणि तो परतला. हॉलंड खालचा होता. पण आयोगात बरोबरीच्या नात्याने बसून जाब विचारू शकत होता.

आपल्याकडचा खालचा माणूस कोठे बसतो? नाल्याकाठच्या वस्तीत पुराचे पाणी प्रथम त्याच्या घरात शिरते. काठ सुशोभित करायचा ठरला की अतिक्रमण म्हणून प्रथम त्याचेच घर मोजले जाते. तुंबलेल्या गटारात उतरायला त्यालाच बोलावतात. १९९३ आणि २०१३ चे कायदे झाले, तरी गटारातले मृत्यू थांबले नाहीत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करावी लागली. मेलेल्याची किंमत वाढली. उतरणाऱ्याची जात बदलली नाही.

म्हणून खोऱ्याच्या सहकार्याच्या प्रत्येक योजनेला आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. काठावरच्या वस्तीचे आणि सफाई कामगारांचे प्रतिनिधी निर्णयाच्या बैठकीत आहेत काय? काठ मोकळा करताना घराच्या बदल्यात घर, तेही कामाच्या जवळ, मिळणार काय? आणि गटारात माणूस न उतरवता यंत्र उतरवण्यासाठी त्यात पैसा ठेवला आहे काय? या प्रश्नांना होकार मिळेपर्यंत नदी दिसायला स्वच्छ होईल, पण वरचा घाट आणि खालचा घाट तसेच राहतील. महाडला झगडा ओंजळभर पाण्यासाठी नव्हता, समतेसाठी होता. खामच्या काठावर आपण उभे राहायचे ते याच भूमिकेवर.