कुलूपबंद मराठी

आपल्या कोहमाऱ्याहून महामार्गाने नागपूर गाठावे, पुढे अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर लागते. महानुभावांचे हे तीर्थक्षेत्र. या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक ‘सकळ’ लिपीत लिहिले. एका अक्षराच्या जागी दुसरेच चिन्ह. परिणाम असा की, ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ शतकानुशतके बाहेरच्यांना अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ही लिपी उलगडली.

अशी कुलुपे उघडण्याची रीत मात्र बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवली होती. भाषेत जे अक्षर वारंवार येते, त्याचे चिन्हही वारंवार दिसणार. तेव्हा चिन्हे मोजा! त्याच्या ग्रंथाचे हस्तलिखित इस्तंबूलला सापडले. आजच्या बँकांची सांकेतिक भाषा अशा मोजणीला दाद देत नाही, ती गोष्ट निराळी.